रांजणासमोर फ्रिज आला

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझा स्वभाव जळका आहे. दुसऱ्याचं कौतुक मला सोसत नाही. त्यातून ज्याचं कौतुक चाललंय तो अगदी माझ्या तोंडासमोर उभा असेल, तर मग विचारूच नका. माझ्यासमोर एक फ्रिज उभा आहे. लालभडक, एका दाराचा, डोक्यावर क्रोशाचा रुमाल पांघरलेला. आणि मी एक जुना रांजण आहे. तामलवाडीच्या भागवतच्या घरात, पडवीत, स्वयंपाकघराच्या दाराशी कमरेपर्यंत जमिनीत पुरलेला. मला हलता येत नाही आणि मान फिरवता येत नाही. दिवसभर त्याचंच तोंड बघावं लागतं.

पण माझेही दिवस होते. ते आधी ऐका, म्हणजे मला एवढा राग का येतो ते कळेल.

गुंडाप्पा कुंभारानं मला घडवलं. तळ्यातली माती आणून त्यानं ती पायांनी तुडवली, तिच्यात राख आणि लीद मळली. चाकावर माझा फक्त गळा झाला. पोट त्यानं आतून गुळगुळीत दगड धरून आणि बाहेरून लाकडी फळीनं थापट्या मारून वाढवलं. एवढा मार खाल्ला तेव्हा कुठे अंगात पाणी धरायची ताकद आली. भट्टीतून निघाल्यावर गुंडाप्पानं बोटाच्या पेरानं मला वाजवून पाहिलं आणि मी खणखणीत वाजलो. शेजारी काही माठही होते. माझा आवाज त्यांच्यापेक्षा चांगला आहे हे मला तेव्हाच कळलं, आणि ते मी कधी विसरलो नाही.

भागवतचे वडील दगडोबा यांनी मला निवडलं. बैलगाडीत कडबा अंथरून त्यावर मला बसवलं आणि वाटेत कुणाला माझ्याशेजारी टेकूही दिलं नाही. घरी खड्डा खणून, वाळू पसरून मला त्यात ठेवलं. त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी, मला हळदकुंकू लावलं. दरवर्षी आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या न चुकता लावायच्या. शेतातून आलेला माणूस आधी माझ्याकडे यायचा, मग बायकापोरांकडे. कोजागिरीच्या सुमारास सोलापूरकडून तुळजापूरला पायी निघालेले भक्त आमच्या दारावरून जात. "मावशे, पाणी मिळंल का?" म्हणून आत येत. तांब्या तोंडाला लावला की डोळे मिटत. "रांजण लई भारी हाय की वो तुमचा," असं एखादा म्हणून जायचा आणि ते मला पुढच्या कोजागिरीपर्यंत पुरायचं.

पुढे दगडोबा गेले, विठाबाईही गेल्या. घर भागवतच्या बायकोच्या, दैवशालाच्या हातात आलं. ज्ञानेश्वरी ही तिची थोरली मुलगी. घरात तिला ज्ञानू म्हणतात. माझ्या अंगाला धरून ती उभं राहायला शिकली. उन्हाळ्यात बाहेरून पळत आली की आधी माझ्या ओल्या अंगाला गाल लावायची. एक गाल गार झाला की दुसरा लावायची. मग टाचा उंचावून तांब्या बुडवायची. धाकट्या शिवांजलीनं मध्ये हात घातला तर "माजा रांजण हाय" म्हणून तिला ढकलायची. माझं पाणी किती जण प्यायले असतील, पण 'माझा' असं दुसऱ्या कुणी म्हटलं नाही.

ज्ञानू पाचवीत गेली आणि तिचं पोट दुखायला लागलं.

परसातल्या संडासाकडे जायची वाट माझ्यासमोरूनच जाते, त्यामुळे मला सगळ्यांच्या आधी कळलं. ती जायची, यायची आणि बसते न बसते तोच पुन्हा पळायची. एक हात पोटावर, दुसरा भिंतीला. हातपाय काटकुळे झाले. शौचातून रक्त पडतंय हे तिनं बरेच दिवस लाजेनं कुणाला सांगितलं नाही. एका सकाळी ती माझ्या काठावर डोकं टेकून रडत होती. दैवशालानं खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते बाहेर आलं.

गावात जुलाबाचं औषध मिळालं. दोन दिवस बरं वाटायचं, पुन्हा सुरू. मग कुणीतरी म्हणालं, पाणी बाधलं असेल. कुणीतरी कशाला, शेजारच्या प्रेमाबाईच म्हणाल्या. "दैवशाला, त्या रांजणातलं पानी बंद कर गं पोरीचं. जुनं भांडं हाय, तळाला काय साचलंय कुनाला ठावं!"

झालं. भागवतनं मला तांब्यानं उपसलं, फडक्यानं पुसून कोरडं केलं. काही दिवसांनी माझ्यात म्हशीची सरकी पेंड ओतली. पायी येणाऱ्या भक्तांची तहान भागवणारा मी, माझ्या तोंडात म्हशीचा खुराक! माझ्या जागी निळा प्लास्टिकचा जार आला. तो टेम्पोतून उतरायचा, रिकामा झाला की परत टेम्पोत चढायचा. त्याला ना घर ना गाव. असल्या उपऱ्याचं पाणी ज्ञानू प्यायला लागली. मी मनात म्हटलं, आता बघू कशी बरी होते ते.

ती बरी झाली नाही. खरं सांगू? आधी मला समाधानच वाटलं. माझ्यावरचा आळ खोटा ठरला होता. पण तसं कुणी म्हणालं नाही. पेंड काढायला येणाऱ्या ज्ञानूचं मनगट दिवसेंदिवस बारीक होत चाललेलं मी पाहिलं आणि ते समाधानही मला गोड लागेना.

शेवटी भागवत तिला सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. तिथे दुर्बीण घालून आतडं तपासलं. परत आल्यावर दैवशाला पडवीत बसून आपल्या आईला फोनवर सांगत होती. "मोठ्या आतड्याला आतून सूज हाय म्हनं. जखमा हायत. पार बरं व्हत न्हाय, पर औषध चालू ठिवलं की दबून राहतंय. जल्मभर घ्यावं लागंल." मग तिनं आवाज खाली आणला. "कुनापशी बोलू नगा. पोरीची जात हाय. उद्या सोयरीक बघायचीय."

हा आजार कशानं होतो ते तिथल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं असणारच. पण दैवशाला त्यातलं काही बोलली नाही. मी पेंडीचा वास घेत, आरोपी होऊन बसून राहिलो.

वर्षं गेली. ज्ञानूच्या गोळ्या सुरू झाल्या. एका गोळीनं तिचं तोंड सुजून गोल झालं, तेव्हा शाळेतली पोरं तिला लाडू म्हणायला लागली. बरी असली की ती सगळ्यांसारखी ज्वारीची भाकरी खायची. आजार उसळला की ताटात मऊ भात आणि मुगाचं पातळ वरण. शेजारी शिवांजली ठेच्याशी भाकरी खात असायची आणि ज्ञानू तिच्या ताटाकडे बघायची. वर्गात तिला सारखा हात वर करावा लागे. "बाई, जाऊ का?" म्हटलं की मागच्या बाकावर हसणं सुरू. एकदा बाई म्हणाल्या, "तास संपू दे." तास संपायच्या आत ज्ञानू ओढणी कमरेला गुंडाळून घरी आली. दप्तर वर्गातच राहिलं होतं. माझ्यासमोरून गेली तेव्हा तिनं कुणाकडे पाहिलं नाही. त्यानंतर ती शाळेत गेलीच नाही, आणि नववीचं वर्ष बुडालं. धाकटी शिवांजली आता तिच्याच वर्गात येणार होती.

"जूनमदी मी शाळेत जाणार म्हंजे जाणार," ज्ञानू म्हणायची. त्या घरात एवढी एकच गोष्ट ती ठासून बोलायची.

मग डॉक्टरबाईंनी औषध बदललं. आता दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन. ते पोटात मारायला ज्ञानू स्वतःच शिकली. पण ते इंजेक्शन मोठं नाजूक होतं. त्याला सतत गारव्यात ठेवावं लागे. म्हणून गेल्या हिवाळ्यात हा फ्रिज आला.

स्वयंपाकघरात प्लगला जागा नव्हती. त्याला आणून बरोबर माझ्यासमोर उभं केलं. दैवशालानं त्याच्यावर स्वस्तिक काढलं, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मला शेवटचं हळदकुंकू लावणाऱ्या विठाबाई जाऊन किती वर्षं झाली होती! प्रेमाबाई बघायला आल्या. "फ्रिज कशापायी घेतला गं?" दैवशाला पटकन म्हणाली, "पाव्हण्यारावळ्याला गार पानी असावं म्हनून."

गार पाणी! मित्रांनो, मी तिथेच होतो. माझ्यासमोर उभी राहून ही बाई म्हणते, गार पाण्यासाठी फ्रिज घेतला!

आणि त्याहून वाईट म्हणजे इंजेक्शन लागू पडलं. ज्ञानूचं पळणं कमी झालं. तिच्या गालांवर मांस आलं. ती हसायला लागली. रोज सकाळी ती फ्रिजचं दार उघडायची, मधल्या फळीवरचा स्टीलचा डबा बघायची, त्यात औषधाचं खोकं असे, आणि दार हलक्या हातानं लावायची. तोच हात पूर्वी माझ्या काठावर असायचा. "फ्रिज आला आन् माजी पोर उभी राहिली," असं दैवशाला म्हणाली, तेव्हा मला चीर जाते की काय असं झालं. गोळ्या-इंजेक्शनं डॉक्टरांची, सोसणं ज्ञानूचं, आणि श्रेय या घरघरणाऱ्या कपाटाला! ज्ञानू बरी व्हावी हे मला हवंच होतं. फक्त ते त्याच्यामुळे व्हायला नको होतं.

या घरात माझ्यासारखंच आणखी एक माणूस जळत होतं. ती शिवांजली. दुपारी ती माझ्या अंगाला पाठ लावून बसायची आणि पुटपुटायची. "तायडीला फळाचा रस, तायडीला नवी उशी, तायडीसाठी फ्रिज. मला निस्तं 'शिवू, जार उचल', 'शिवू, पेंड काढ'. मला बी कायतरी आजार व्हायला पायजे व्हता." तिचं बोलणं मला फार आवडायचं. आमचं चांगलं जमलं.

पण तिची माझ्याहून एक वेगळी गंमत होती. तिला फ्रिजचा राग नव्हता, उलट भारी अभिमान होता. तायडीचं सगळं तायडीचं, पण फ्रिज आपल्या घराचा, असं तिनं ठरवून टाकलं. मैत्रिणींना बोलावून दाखवलं. "आना तुमच्या बाटल्या, लावते गार," म्हणाली. उन्हाळा चढला तशी अख्खी गल्ली बाटल्या घेऊन यायला लागली. दैवशालाला नाही म्हणता येईना. आमच्याकडे पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. आणि नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तर कुणाला कळू द्यायचं नव्हतं. फ्रिज पाहुण्यांच्या गार पाण्यासाठी घेतला हे तिनंच तर सांगून ठेवलं होतं. त्यामुळे दार सारखं उघडायचं, सारखं लागायचं. फ्रिज धापा टाकायचा. मी मजा बघायचो.

आखिती झाली आणि प्रेमाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. मांडवाच्या सकाळी त्या भलं मोठं पातेलं घेऊन आल्या. "मांडवाचा आमरस हाय. उन्हानं नासंल. तेवढा फ्रिजमदी ठिव गं."

दैवशाला घुटमळली. ज्ञानूनं आईकडे पाहिलं. "बरं आक्का," दैवशाला म्हणाली आणि शिवांजलीला जागा करायला सांगून ज्ञानूला घेऊन प्रेमाबाईंबरोबर मांडवात गेली.

पातेलं मावेना. शिवांजलीनं मधली फळी काढली. बाटल्या खाली लावल्या. राहता राहिला स्टीलचा डबा. तो वरच्या बर्फाच्या खणात जाईना, म्हणून तिनं त्यातलं खोकं काढलं आणि तेवढंच बर्फात खुपसलं. "गारच ठिवायचं असतंय की," ती स्वतःशीच म्हणाली, "हितं तर अजून गार राहील." दार ढकलून ती मांडवाकडे पळाली. मी सगळं पाहिलं. त्यात काही वावगं आहे असं मलाही वाटलं नाही. बर्फातलं मला काय कळतं?

लग्न पार पडलं, पातेलं गेलं, फळी परत लागली आणि डबा न उघडताच तिच्यावर बसला. इंजेक्शनच्या दिवशी ज्ञानूनं डबा उघडला तर तो रिकामा. तिनं सगळा फ्रिज धुंडाळला. खोकं बर्फात चिकटलेलं सापडलं. आतलं औषध दगडासारखं गोठलेलं होतं. भागवतनं डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांचा आवाज मला पडवीत स्पष्ट ऐकू आला. "एकदा गोठलं की ते वाया गेलं. वितळलं तरी टोचायचं नाही. मी दुसरं मागवते, पण यायला थोडे दिवस लागतील."

आता काय सांगू तुम्हाला! पहिल्या क्षणी मला आनंद झाला. एवढा तोरा मिरवणारा हा लाल दिमाख, आणि याला एक खोकं सांभाळता आलं नाही! आता कळेल सगळ्यांना, असं मी मनात म्हणत होतो.

तेवढ्यात ज्ञानू माझ्यासमोरून परसाकडे गेली. अजून सावकाश चालत होती. दुसरं इंजेक्शन येईना आणि तिचं चालणं पळणं झालं. पुन्हा एक हात पोटावर आणि दुसरा भिंतीला. पुन्हा रक्त, पुन्हा ताप, पुन्हा मऊ भात, आणि तोही अर्धा टाकलेला. जून तोंडावर आला होता. माझा आनंद कुठल्या कुठे गेला. फ्रिज हरला होता, पण मी जिंकलो नव्हतो. मार सगळा ज्ञानूला बसत होता.

दैवशालानं शिवांजलीला दंडाला धरून विचारलं, "मुद्दाम केलंस का गं तू?"

"न्हाय गं आई! तुजी शपथ, न्हाय!" शिवांजली हमसून रडायला लागली.

बाजेवर पडलेली ज्ञानू म्हणाली, "तिला बोलू नगं. ते गोठवायचं न्हाय, हे तिला कुनी सांगितलं व्हतं? आपन घरातच कुनाला काय सांगत न्हाय, मग भायेर काय सांगनार?"

दैवशालाची दंडावरची पकड सुटली. त्या दिवसापासून ज्ञानू उठली की शिवांजली तिच्या आधी पाण्याची बादली संडासात नेऊन ठेवायची आणि दाराबाहेर पाठ करून उभी राहायची. माझ्याशी पुटपुटायला मात्र ती पुन्हा बसली नाही. मला तिची आठवण यायची.

नव्या इंजेक्शनांचं खोकं आलं. भागवत ते गार डब्यातून, बर्फ लागू न देता, जपत घेऊन आला. ज्ञानूनं एक घेतलं, दुसरं मधल्या फळीवर ठेवलं. हळूहळू उतार पडू लागला. एका दुपारी ती पडवीत बाजेवर बसली होती, आणि प्रेमाबाई आल्या. दोन्ही काखांत बाटल्या. "दैवशाला, पाव्हनं हायत घरी. एवढ्या बाटल्या लाव गं."

दैवशालानं हात पुढे केला. तेवढ्यात ज्ञानू उठली आणि फ्रिजच्या दाराला पाठ लावून उभी राहिली. अंगात ताकद नव्हती, एक हात तिनं मागे दाराच्या मुठीला धरला होता.

"काकू, ह्यात बाटल्या नगा ठिवू. ह्यात माजं औषध हाय."

"ज्ञानू!" दैवशाला कासावीस झाली.

"असू दे आई. काकू, माज्या आतड्याला सूज येती. पाचवीत असल्यापसून हाय. आन् जल्मभर राहनार हाय. औषध येळेवर घेतलं की मी बरी असती. फ्रिज सारखा उघडला की औषध बिगडतंय. मागचं गोठलं, म्हनून मी एवढी पडले."

प्रेमाबाईंनी बाटल्या खाली ठेवल्या. मग म्हणाल्या, "आगं पोरी, मंग सांगायचं न्हाय व्हय आदी? तुज्या औषधाच्या जागी माज्या मांडवाचा आमरस ठिवला म्या! एवढं का परकं समजता आमाला?" त्यांचे डोळे भरून आले. मग त्या म्हणाल्या, "आन् आमाला तर वाटलं, पानी बाधलं. त्या रांजणाचं."

"न्हाय काकू," ज्ञानू म्हणाली. "पान्याचा काय दोष नव्हता. डॉक्टरबाईंनी तवाच सांगितलं व्हतं. आपल्या अंगातली जी ताकद रोगाशी लढती ना, तीच चुकून आतड्याशी भांडत बसती. कुनाच्या पान्यानं न्हाय, कुनाच्या जेवनानं न्हाय."

तवाच! मित्रांनो, पहिल्याच वर्षी त्या डॉक्टरबाईंनी मला निर्दोष सोडलं होतं. आणि या घरातल्या एकाही माणसाला ते मला येऊन सांगावंसं वाटलं नाही. मी पेंड पोटात घेऊन वर्षानुवर्षं खाली मान घालून बसलो होतो. मला हसावं की रडावं ते कळेना.

प्रेमाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "बरं बाई, फ्रिजला हात न्हाय लावनार आमी. पर मंग गार पानी कुटनं आनू?"

ज्ञानूनं दाराची मूठ सोडली आणि माझ्याकडे बोट केलं. "हा हाय की."

मला वाटलं, आता लगेच माझे दिवस फिरले. पण तसं झालं नाही. शिवांजलीनं पेंड काढली, मला धुतलं, भरलं. दुसऱ्या दिवशी प्रेमाबाईंनी तांब्या तोंडाला लावला आणि चूळ टाकली. "पेंडंचा वास मारतोय गं ह्याला. आन् गार कुटं हाय, कोमट हाय की!" सरकीचं तेल माझ्या अंगाच्या छिद्राछिद्रांत भरलं होतं. घाम यायला वाटच उरली नव्हती, आणि घाम आल्याशिवाय आमचं पाणी गार होत नाही. समोर फ्रिज घरघरत होता. एवढी लाज मला भट्टीतून निघाल्यापासून कधी वाटली नव्हती.

पण शिवांजलीनं मला सोडलं नाही. रोज ती उकळतं पाणी ओतायची, मग राख आणि काथ्या घेऊन कमरेपर्यंत माझ्यात वाकायची आणि घासायची. उपसायची, पुन्हा भरायची, वास घ्यायची, नाक मुरडायची, पुन्हा घासायची. माझ्यावर ती कसला राग काढत होती ते मला कळत होतं. तो राग माझ्यावरचा नव्हता. बाजेवर बसलेली ज्ञानू सांगायची, "शिवू, त्या डाव्या अंगाला घास. तिकडं तेल लई हाय." शिवांजली म्हणायची, "व्हय गं तायडे, घासते की."

एका सकाळी माझ्या पोटावर ओल फुटली. "तायडे, रांजणाला घाम आला!" शिवांजली एवढ्यानं ओरडली की गोठ्यातून भागवत धावत आला.

आता गल्लीतली सगळी माणसं पाण्याला माझ्याकडे येतात. प्रेमाबाई तर येता-जाता तांब्या बुडवतात आणि माझं जुनं कौतुक पुन्हा करतात, जसं काही माझं पाणी बंद करायला त्यांनी सांगितलंच नव्हतं. फ्रिजचं दार दिवसातून एखाद-दोनदा उघडतं. तो शांत असतो, त्याच्या पोटात ज्ञानूचं औषध शांत असतं. म्हणजे बघा, मी राबतो आणि आराम त्याला! त्याचं दार बंद राहावं म्हणून मी गल्लीला पाणी पाजतो. आणि ज्ञानू अजूनही माझं पाणी पीत नाही. त्या इंजेक्शननं अंगाची लढायची ताकद थोडी कमी होते, म्हणून तिला उकळलेलं पाणीच प्यावं लागतं. मला भरते मात्र तीच. रोज सकाळी घागर घेऊन येते, माझ्या काठावर हात टेकते आणि पाणी ओतते.

मित्रांनो, तुमच्या वर्गात कुणी सारखं "बाई, जाऊ का?" म्हणून हात वर करत असेल, तर हसू नका. हसण्यासारखं त्यात काही नसतं, मी तो रस्ता रोज पाहिला आहे. कुणी बाहेरून धडधाकट दिसलं म्हणून ते आतूनही तसंच असेल असं समजू नका. तुमच्या घरात कुणाचं औषध असेल, तर ते काय आहे आणि कसं ठेवायचं हे लहानांनाही सांगा. आणि तुम्हालाच असा आजार असेल, तर ज्यांच्या बाटल्या तुमच्या फ्रिजमध्ये आहेत त्यांना सांगा. लपवून ठेवलेल्या गोष्टीला लोक जागा कशी देणार? जुन्या भांड्यांनाही जरा जपा. त्यांच्यावर आळ घेतला असेल आणि तो खोटा निघाला, तर निदान येऊन सांगा तरी.

शाळा उघडून आठवडा झाल्यावर ज्ञानू निघाली. गणवेश थोडा सैल होत होता. शिवांजली दोघींची दप्तरं घेऊन दारात उभी होती. नव्या बाईंना दैवशाला आदल्या दिवशी स्वतः जाऊन सांगून आली होती, की माझ्या मुलीला परवानगी न मागता बाहेर जाऊ द्या. ज्ञानूनं आधी फ्रिज उघडून डबा पाहिला आणि दार हलकेच लावलं. मी जळलो, जळणारच. मग ती वळली. घराबाहेर ऊन तापायला लागलं होतं. पावसानं अजून तोंड दाखवलं नव्हतं. ती माझ्याजवळ खाली वाकली आणि माझ्या ओल्या अंगाला गाल लावला. एक गार झाला, मग दुसरा.

"तायडे, उशीर व्हतोय," शिवांजली म्हणाली.

"आले," ज्ञानू म्हणाली, पण आणखी थोडा वेळ तशीच राहिली.

मी सरळ समोर पाहिलं. तुमच्याही घरी फ्रिज असेल. एकदा त्याला बाहेरून गाल लावून बघा. तो गरमच लागतो.